१३८१ चा शेतकरी उठाव : नौपाड्यातील चार शनिवारांच्या व्याख्यानमालेविषयी

इंग्लंडमधील १३८१ च्या शेतकरी उठावावर ठाण्यात, नौपाड्यातील एका लहान सभागृहात, गेल्या महिन्यात सशुल्क व्याख्यानमाला झाली. चार शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ, शुल्क ८०० रुपये. त्यात २४ पानांची टिपणवही आणि मध्यंतरातला चहा. महसूल खात्यातील माझ्या नोकरीची बरीच वर्षे अभिलेख कक्षात जुन्या दप्तरांचे रुमाल (कागद बांधायची फडकी) सोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात गेली असल्यामुळे, ज्या उठावात गावोगावी दप्तरांच्या होळ्या झाल्या त्याविषयी मला आधीपासूनच कुतूहल होते. पहिल्या तीन शनिवारी ते पुरेपूर शमले. चौथ्या शनिवारविषयी मात्र तक्रार आहे.

वक्त्यांनी कारणांची मांडणी उठावाआधी बसवलेल्या करापासून न करता १३४८ च्या प्लेगपासून केली, हे मला योग्य वाटले. त्या साथीत इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या दगावली, शेतावर हात कमी पडले आणि मजुरीचे दर चढू लागले. त्यावर १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा कायदा करून मजुरी साथीच्या आधीच्या दराला बांधण्यात आली. धन्याच्या जमिनीला जखडलेल्या इंग्लिश शेतकऱ्यासाठी ‘गुलाम’ असा सोपा शब्द न वापरता त्यांनी ‘वेठीचे कूळ’ हा शब्द शेवटपर्यंत चालवला. ठरलेले दिवस धन्याच्या शेतात फुकट राबायचे, मुलीच्या लग्नासाठी त्याला पैसे भरायचे आणि घरचा कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर वाड्यावर पोहोचवायचे, हे सारे त्या एका शब्दात आले. वारल्यांनी १९४५ मध्ये वेठीविरुद्ध लढा दिला तो याच जिल्ह्याच्या तेव्हाच्या हद्दीत. त्यामुळे श्रोत्यांना वेठ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागले नाही.

डोईपट्टीचा, म्हणजे डोक्यामागे बसवलेल्या कराचा, भाग तर वर्ग घ्यावा तसा झाला. १३७७ मध्ये माणशी ४ पेनी, १३७९ मध्ये ऐपतीप्रमाणे आणि १३८० च्या अखेरीस पुन्हा सरसकट, पण या वेळी १२ पेनी. गावातील श्रीमंतांनी गरिबांचा भार उचलावा अशी कायद्यात तरतूद होती. पण ज्या गावात श्रीमंतच नाही तेथे तिचा काय उपयोग, हा प्रश्न वक्त्यांनी श्रोत्यांकडूनच वदवून घेतला. लोकांनी त्यावर जो तोडगा काढला तो ऐकून माझ्यातला जुना कारकून जागा झाला. चार वर्षांत कर भरणाऱ्यांच्या यादीतून जवळजवळ एक तृतीयांश माणसे नाहीशी झाली, आणि त्यांत अविवाहित बहिणी, विधवा आया आणि घरकामाच्या मुली विशेष होत्या. या गळतीच्या चौकशीसाठी निघालेल्या अधिकाऱ्यांना ३० मे १३८१ रोजी एसेक्समधील ब्रेंटवुड येथे फॉबिंग व आसपासच्या गावकऱ्यांनी हुसकावून लावले, आणि तेथून उठाव पेटला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी घटनाक्रम नकाशावर दाखवला गेला. केंटमध्ये वॉट टायलर पुढारी झाला, जॉन बॉल हा धर्मोपदेशक तुरुंगातून सुटला, १३ जूनला बंडखोर लंडनमध्ये शिरले आणि राजाचा काका जॉन ऑफ गाँट याचा सॅव्हॉय राजवाडा त्यांनी जाळला. दुसऱ्या दिवशी लंडनजवळच्या माइल एंड येथे चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाने वेठमुक्ती आणि एकराला ४ पेनी खंड मान्य केला; त्याच दिवशी टॉवर या लंडनच्या किल्ल्यात घुसलेल्या लोकांनी चॅन्सेलर सायमन सडबरी आणि खजिनदार रॉबर्ट हेल्स यांची मुंडकी उडवली. लंडनमधील फ्लेमिश (फ्लँडर्सहून आलेल्या) लोकांची कत्तल मात्र एका वाक्यात उरकण्यात आली, ते मला खटकले. बंडखोरांविषयी आपुलकी असली तरी तो हिशेब मांडायलाच हवा होता.

सारी मालिका जिच्यासाठी ऐकावी अशी गोष्ट मला सेंट ऑल्बन्सच्या मठाची वाटली. मठाच्या कुळांनी धान्य मठाच्याच गिरणीत दळावे आणि दळणावळ द्यावी, अशी सक्ती होती. पूर्वीच्या एका मठाधिपतीने घरोघरची दळणाची जाती जप्त करून त्यांच्या तळ्या (खालचे दगड) आपल्या बैठकीच्या खोलीच्या फरशीत बसवल्या होत्या. विल्यम ग्रिंडकॉबच्या पुढारीपणाखाली आलेल्या लोकांनी १३८१ मध्ये ती फरशी उखडली, तळ्या फोडल्या आणि चर्चमध्ये पावाचा प्रसाद वाटतात तसे दगडाचे तुकडे एकमेकांत वाटून घेतले. हे सांगताना वक्त्यांनी पडद्यावर चित्र ठेवले नाही, आवाजही चढवला नाही. माझ्या शेजारी बसलेल्या ऐरोलीच्या आजींनी तेवढे एकच वाक्य वहीत उतरवून घेतले.

मालिकेच्या नावातील ‘शेतकरी’ या शब्दाबद्दल वक्त्यांनी स्वतःच शंका घेतली, हेही नोंदवायला हवे. बंडखोरांत सुतार, रंगारी, खालच्या दर्जाचे पाद्री होते, आणि पुढाऱ्यांत जहागिरीच्या कचेरीत पंच किंवा कारभारी म्हणून बसलेली गावातली जाणती माणसे बरीच होती. दप्तरात कोणाची वेठ कोठे लिहिली आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून जाळायचे काय हे त्यांना विचारावे लागले नाही. आणि हीच माणसे राजाकडे पुन्हा कागदच मागत होती, शिक्क्याची सनद. तीन आठवड्यांच्या आत, २ जुलैला, राजाने त्या सनदा दुसऱ्या कागदाने रद्द केल्या.

हे शेवटचे वाक्य मला टिपणवहीत वाचावे लागले. चौथ्या शनिवारी सभागृहात बारशाची नोंदणी असल्याने आयोजकांनी साडेसातलाच आवरते घेतले, आणि लंडनमधील स्मिथफील्डला टायलरला शहराचा महापौर वॉलवर्थ याने जखमी केल्यापासून जॉन बॉलच्या १५ जुलैच्या फाशीपर्यंतचा सारा भाग वीस मिनिटांत, बाहेर फुगे बांधण्याच्या आवाजात आटोपला. सूडाचे सत्र कसे चालले, न्यायासने कोठे बसली, वेठ पुढे कशी ओसरली, यांवर प्रश्न विचारायलाही वेळ उरला नाही. टिपणवहीत त्यासाठी जेमतेम दीड पान आहे.

पुढची मालिका फ्रान्समधील १३५८ च्या ज्याकरी या शेतकरी उठावावर होणार असल्याचे सांगण्यात आले. मी नाव नोंदवले आहे. पैसे भरण्यापूर्वी चारही शनिवारी सभागृह आठपर्यंत आपलेच आहे ना, एवढे विचारून घेतले.