नॅस घेऊ की पीसीत डिस्क वाढवू, या चर्चेत गुंतवून मला जुन्या डिस्क नव्या म्हणून विकल्या

माझ्या पीसीच्या कॅबिनेटमध्ये डिस्कच्या दोन जागा रिकाम्या होत्या आणि मदरबोर्डवर डिस्क जोडायचे साटा पोर्टही मोकळे होते. घरातल्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेट मी संगणकावर उतरवत होते. एका तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी जागा लागते आणि कॅसेट शंभराच्या वर होत्या. शिवाय सगळ्यांच्या फोनमधले फोटो. दोन मोठ्या डिस्क घ्यायच्या, एक पीसीत बसवायची आणि दुसरीवर तीच प्रत करून कपाटात ठेवायची, एवढा साधा बेत होता.

दोन डिस्क विचारायला गेले आणि चार बेचं (डिस्कच्या चार खणांचं) नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना फायली देणारी डिस्कची पेटी, आणि त्यात आधीच बसवलेल्या ४ टीबीच्या चार डिस्क, असा संच घेऊन परतले.

विक्रेता बोलायला फार शांत होता. पीसीची डिस्क चोवीस तास चालण्यासाठी नसते, एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या भागावर) ताण येतो, पीसीत व्हायरस शिरला तर सगळं जाईल, असं त्याने एकेक करून सांगितलं. यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून मी अडकले. साडेतीन इंची डिस्क चालताना ५ ते १० वॅट घेते, सुरू होताना क्षणभर पंचवीसच्या आसपास. दोन डिस्कसाठी कुठल्याही धड एसएमपीएसला घाम फुटत नाही. व्हायरसचं म्हणाल तर पीसीला जोडलेला नॅसचा फोल्डर त्याला तितकाच उघडा असतो. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमनी तर इंटरनेटला उघडी असलेली नॅसच गाठून त्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शेवटचं वाक्य मात्र पूर्ण खोटं होतं: "यात रेड ५ आहे, वेगळा बॅकअप लागत नाही." रेड ५ म्हणजे अनेक डिस्कवर डेटा विभागून ठेवायची पद्धत; तिच्यात एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, एवढंच. चुकून पुसलेली फाइल ते परत देत नाही आणि दुसरी डिस्क गेली की सगळा संच जातो. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि उतरवून झालेल्या कॅसेट टाकून दिल्या. हे लिहिताना आजही हात जड होतो.

चौदा महिन्यांनी एक डिस्क बंद पडली. विक्रेत्याने वॉरंटीत लगेच बदलून दिली, तीही हसतमुखाने. नवी डिस्क घातली आणि रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा बाकीच्या डिस्कवरून नवीवर पुन्हा लिहिणं, सुरू झालं. पहिले काही तास बरं चाललं, मग वेग इतका पडला की उरलेला वेळ दिवसांत दिसू लागला. चौथ्या दिवशी आणखी एका डिस्कवर वाचनाच्या चुका आल्या आणि संपूर्ण व्हॉल्यूम, म्हणजे चारही डिस्क मिळून बनलेला साठा, कोसळला.

वेग का पडला ते नंतर कळलं. बदलून दिलेली डिस्क एसएमआर प्रकारची होती. या प्रकारात डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. थोडं लिहिणं असेल तर डिस्क आपल्या राखीव भागात सांभाळून घेते, पण रिबिल्ड म्हणजे अखंड लिखाण. राखीव भाग भरला की डिस्क अडखळते. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी अशी डिस्क चालते, रेडसाठी पट्टे एकमेकांवर न चढवणारी, सीएमआर प्रकारचीच हवी. २०२० मध्ये मोठ्या उत्पादकांनीही काही मॉडेल एसएमआर असल्याचं न सांगता विकल्याचं उघड झालं आणि मग त्यांना याद्या जाहीर कराव्या लागल्या. त्या याद्या आज पाहता येतात. मॉडेल क्रमांक टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, विक्रेत्याला तर तेवढीही लागत नसणार.

पण चौदा महिन्यांत दोन डिस्क का जाव्यात? उरलेल्या तीन डिस्क बाहेर काढून मी पीसीला जोडल्या. सुरुवातीला नको म्हणून सांगितलेले तेच पोर्ट उपयोगी पडले. डिस्कच्या स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे होते, साटाच्या पिनांवर घासल्याच्या खुणा होत्या. संच जोडूनच मिळाल्याने या डिस्क मी कधी हातात घेऊन पाहिल्याच नव्हत्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी 'स्मार्ट' नोंद ठेवते तिच्यात चालू असल्याचे तास माझ्या वापराइतकेच, दहा हजारांच्या आसपास. सगळं ठीक वाटावं असं.

माझ्या डिस्क सीगेट कंपनीच्या होत्या, आणि तिच्या बऱ्याच डिस्कमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते. नेहमीची स्मार्ट नोंद शून्यावर आणली तरी ही सहसा तशीच राहते. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते. माझ्या तिन्ही डिस्कच्या फार्ममध्ये छत्तीस हजारांहून जास्त तास होते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे माझ्याकडे येण्याआधी या डिस्क कुठेतरी तीन वर्षं अखंड फिरल्या होत्या. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर उजेडात आला, तोही याच नोंदीमुळे. यात डिस्क बनवणाऱ्यांचा दोष मी मानत नाही. आकडे पुसणारा मधला कुणीतरी असतो.

सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकले तर उत्तर आलं की या डिस्क संगणक बनवणाऱ्यांना पुरवल्या होत्या, ग्राहकाला थेट वॉरंटी नाही. हे मी खरेदीच्या दिवशीच पाहू शकले असते.

डेटाचं काय झालं? बहुतेक नॅसच्या आत लिनक्सच असतं, म्हणून डिस्क पीसीवरच्या लिनक्समध्येही वाचता येतील अशी आशा होती. चुका देणाऱ्या डिस्कची डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचायच्या प्रोग्रॅमने नव्या डिस्कवर प्रत काढली, ती आणि बाकीच्या दोन मिळून पीसीवर एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड जोडणाऱ्या प्रोग्रॅमने संच फक्त वाचण्यापुरता उभा केला. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलं नाही, आणि अशी वेळ आली तर तुम्हीही लिहू नका. नॅस 'रिपेअर करू का' असं विचारेल, तेव्हा थांबा. जवळजवळ सगळं परत मिळालं. अकरा फायली मधेच तुटल्या. त्यांतल्या सात टाकून दिलेल्या कॅसेटच्या होत्या. एकीत आजी आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती. तिचा आवाज पहिल्या बावीस मिनिटांनंतर नाही.

विक्रेत्याला फार्मचे आकडे पाठवले. आधी म्हणाला, सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं. मग म्हणाला, आम्हालाही पुढून तशाच आल्या. मग फोन उचलणं बंद.

नॅस वाईट नाही, हे मी रागातही म्हणणार नाही. घरातल्या चार-पाच जणांना फोनवरून, टीव्हीवरून तेच फोटो हवे असतील आणि पीसी दिवसभर चालू ठेवायचा नसेल, तर ते सोयीचं आहे. पण एका माणसाच्या, एका टेबलावरच्या कामासाठी पीसीतली डिस्क पुरते, आणि ती वेगवानही असते: साध्या गिगाबिट केबलवरून नॅस सेकंदाला ११० एमबीच्या आसपास अडतं. नॅस घेतलंच तर रिकामं घ्या, डिस्क सीलबंद आणि वेगळ्या घ्या, बिलावर प्रत्येकीचा सिरियल नंबर लिहून घ्या. संचासोबत बसवून दिलेली डिस्क तिथेच बाहेर काढून पिना पाहा. घरी आल्यावर एकही फाइल टाकण्याआधी डिस्क पीसीला जोडून स्मार्ट आणि फार्म दोन्ही वाचा, स्मार्टची लांब चाचणी चालवा. ४ टीबीला ती काही तास घेते, घेऊ द्या.

माझ्या बिलावर फक्त "नॅस संच, १ नग" असं लिहिलेलं आहे. तक्रार दाखल केली आहे आणि पहिला प्रश्न तोच आला: या डिस्क त्याच विक्रेत्याकडच्या, हे कशावरून? बदलून दिलेल्या डिस्कच्या पावतीवर मात्र जुन्या डिस्कचा सिरियल नंबर त्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. सध्या तो एक कागद माझ्या बाजूने आहे.