पाचट की वीड मॅट?

सांगलीतल्या शेजारच्या काकूंचा प्रश्न: कुंपणालगतच्या जास्वंद-तगरीच्या वाफ्यातलं तण कशानं थोपवू?

खर्चात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, सरस. ऊसतोडीनंतर बरेच जण ते पेटवून देतात. त्याआधी मागून आणा. चार इंचांचा थर द्या, बुंध्यापासून वीतभर लांब. ते कुजतं, दरवर्षी नव्यानं पसरावं लागतं. पण आपल्या काळ्या मातीला भेगा कमी पडतात, थर उचलला की खाली गांडुळं दिसतात. वाळवी मात्र बघत राहा.

वीड मॅट म्हणजे तण दाबायला जमिनीवर अंथरायचं विणलेलं प्लॅस्टिकचं कापड. ती विकतची, पण काही वर्षं टिकते. तिच्यावर माती साचली की तण वरच उगवतं, मुळं विणीत अडकतात आणि उपटताना मॅटही वर येते.

लव्हाळा, म्हणजे जमिनीखाली गाठी धरणारं गवतासारखं तण, दोन्हींना दाद देत नाही. आधी गाठींसकट खणून काढा.

फुलझाडांना पाचटच घाला. मॅट पायवाटेला, किंवा घर महिनोन्महिने बंद राहत असेल तर.