डीजेमाउंट : घरातला मीडिया सर्व्हर, साध्या फोल्डरसारखा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात एका खोलीत मिनीडीएलएनए सर्व्हर (घरातली गाणी-व्हिडिओ नेटवर्कवर पुरवणारा प्रोग्रॅम) आणि दुसऱ्या खोलीत लिनक्सचा लॅपटॉप असेल, तर डीजेमाउंट हा छोटा प्रोग्रॅम जरूर वापरून बघा. यूपीएनपी (घरातली उपकरणं एकमेकांना आपोआप शोधतात ती पद्धत) वापरणारे नेटवर्कवरचे मीडिया सर्व्हर ते फ्यूजच्या, म्हणजे साध्या प्रोग्रॅमलाही फाइल सिस्टीम बनू देणाऱ्या लिनक्समधल्या सोयीच्या आधारे फोल्डर म्हणून दाखवतं. मग नाट्यगीतांचा संग्रह व्हीएलसीमध्ये उघडा किंवा सरळ पेनड्राइव्हवर कॉपी करा, वेगळं ॲप लागत नाही.

होम फोल्डरमध्ये एक रिकामा फोल्डर करायचा आणि टर्मिनलमध्ये डीजेमाउंटपुढे त्याचा पत्ता द्यायचा. थोड्या वेळात सर्व्हरचं नाव आत दिसतं. काम झालं की 'फ्यूजरमाउंट -यू' (fusermount -u) आणि पुढे त्याच फोल्डरचा पत्ता न विसरता द्या, म्हणजे फोल्डर मोकळा होतो. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, तर फोल्डर अडकतो आणि याच आज्ञेने सुटतो.

सर्व्हर दिसतच नसेल, तर दोष बहुतेक राउटरचा. सर्व्हरचा शोध २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना संदेश देणाऱ्या) पत्त्यावर, यूडीपी १९०० पोर्टवरून चालतो. पाहुण्यांच्या वायफायवर तो अडतो, फायरवॉलही अडवते.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर '-o iocharset=UTF-8' हा पर्याय द्या. संगणक सुरू होतानाच माउंट केल्यावर (फोल्डर जोडल्यावर) लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची सेटिंग, ठरलेलं नसतं, म्हणून हे होतं. दुसऱ्या युजरला फोल्डर उघडत नसेल, तर 'अलाउ अदर' (allow_other) हा पर्याय लावा. त्याची परवानगी फ्यूजच्या कॉन्फिग फाइलमध्येही द्यावी लागते.

डीजेमाउंटच्या फोल्डरमधून फक्त वाचता येतं. गाण्याचं नाव बदलायचं किंवा नवी फाइल टाकायची असेल, तर नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा सांबाच बरा. ऐकण्या-पाहण्यासाठी मात्र हे सुटसुटीत साधन मला मनापासून आवडतं.