आयरिश तत्त्वज्ञांचा जाडजूड संग्रह : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात डब्लिनच्या बसमध्ये पुस्तकाची शिवण सुटली आणि अठराव्या शतकातला आयरिश तत्त्वज्ञ बर्कली याची चाळीसेक पानं मांडीवर आली. दुकानाला फोटो पाठवले. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं : जुन्या पुस्तकांवर परतावा नाही. नवी प्रत साठ युरोंच्या घरात जाते म्हणून मी अठरा युरोंना जुनी घेतली होती, पण सात महिन्यांत पाठ उकलावी इतकी काही ती झिजलेली नव्हती.

शिवणीचं एकवेळ सोडून देईन. माझा खरा राग शेवटच्या नामसूचीवर आहे. मध्ययुगीन तत्त्वज्ञ जॉन स्कॉटस एरियुगेना शोधायला गेलो तर ‘एरियुगेना’ या नावापुढे दोनच पानं. पुढे ‘जॉन’खाली आणखी नऊ. आणि ‘स्कॉटस’खाली तर नवव्या शतकातला हा आयरिश माणूस आणि 1308 मध्ये वारलेला स्कॉटिश तत्त्वज्ञ डन्स स्कॉटस, दोघांची पानं एकाच नोंदीत! चारशेहून जास्त वर्षांचं अंतर एका स्वल्पविरामात मिटवलंय. सूची करणाऱ्याने पुस्तक वाचलं तरी होतं का?

तरी या घोळानेच मला एरियुगेनापाशी नेलं, हे मान्य करायला हवं. मी पुस्तक घेतलं होतं बर्कलीसाठी. मध्ययुग सोडूनच देणार होतो. नावांचा गुंता सोडवताना कळलं की त्या काळी ‘स्कॉटस’ म्हणजे आयरिशच. ‘एरियुगेना’ म्हणजे आयर्लंडमध्ये जन्मलेला, आणि हे नाव त्याने स्वतःच ख्रिस्ती गूढवादी डायोनिसियसच्या ग्रीक ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरात लावलं. फ्रँकांचा राजा चार्ल्स द बाल्ड याच्या दरबारी राहून त्याने ‘पेरिफिसिऑन’ लिहिला. पाच भागांचा गुरुशिष्यसंवाद. जे काही आहे आणि जे नाही, त्या सगळ्याचे तो चार प्रकार करतो : निर्माण करणारं पण अनिर्मित, निर्मित आणि निर्माणही करणारं, निर्मित पण निर्माण न करणारं, आणि चौथं, निर्माणही न करणारं नि अनिर्मितही. पहिलं आणि चौथं दोन्ही ईश्वरच. एकदा उगम म्हणून, एकदा सगळं जिथे परततं ते ठिकाण म्हणून. या चौथ्यावर मी तीन रविवार घालवले. संग्रहातला उतारा मात्र पहिल्याच भागावर थांबतो, परतीचा प्रवास त्यात नाही. 1225 मध्ये पोप होनोरियस तिसरा याने या ग्रंथाच्या प्रती जाळायला सांगितल्या होत्या. पुढे त्याच माणसाचा चेहरा आयर्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर आला.

ख्रिस्ती धर्मातल्या गूढतेवर टीका करणाऱ्या टोलंडचाही ग्रंथ 1697 मध्ये डब्लिनमध्ये जाळला गेला. त्याला अकरा पानं, पुरेशी. हचिसनने ‘जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख’ 1725 मध्येच लिहून ठेवलंय हे वाचून मी थबकलो. तोवर ते इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचंच समजत होतो.

सर्वांत मोठा आनंद सतराव्या शतकातला डब्लिनचा विद्वान मोलिन्यू याने दिला. त्याने इंग्रज तत्त्वज्ञ लॉकला विचारलं : जन्मांध माणसाला हाताने चाचपून गोल नि घन ओळखता येतो, त्याला अचानक दृष्टी आली तर स्पर्श न करता, नुसतं बघून ते ओळखता येतील का? मोलिन्यूच्या स्वतःच्या बायकोची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती. हे कळल्यावर तो प्रश्न मला निव्वळ कोडं वाटेना. बर्कलीने 1709 मध्ये ‘नाही’ असं ठाम उत्तर दिलं. मोलिन्यूच्या नोंदीत ते पान आहे का? नाही! प्रश्न एका टोकाला, उत्तर दुसऱ्या टोकाला, आणि मधे सूची गप्प.

बर्कलीबद्दलचं माझं मतही बदललं. ‘असणं म्हणजे जाणवणं’ हा त्याचा युक्तिवाद अजूनही खोडता येत नाही मला. पण अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये त्याने गुलाम विकत घेतले होते आणि त्याच कारणाने डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने 2023 मध्ये ग्रंथालयावरचं त्याचं नाव काढलं. या संग्रहाची प्रस्तावना जुनी आहे हे कबूल, पण तिथल्या मुक्कामाचं कौतुक करताना त्या माणसांचा एका शब्दानेही उल्लेख नाही. हे मला सूचीपेक्षाही जास्त लागलं.

बाइंडरने बत्तीस युरो सांगितले, पुस्तकाच्या किमतीच्या जवळपास दुप्पट. दिले. मागे सहा कोरी पानं शिवायला सांगितली आहेत. एरियुगेनाची अकरा पानं आणि ‘स्कॉटस’मधली त्याची चार, सगळी एका नोंदीत मी स्वतः लिहिणार आहे.