मचाणावरची बुद्धपौर्णिमा: फक्त वाघासाठी जाणार असाल तर पैसे वाचवा

वैशाखातल्या पौर्णिमेला वनविभाग पाणवठ्याकाठच्या मचाणावर रात्रभर बसू देतो. ‘निसर्गानुभव’ म्हणतात त्याला. आम्ही मेळघाटात बसलो. पाणवठा कोणता ते सांगत नाही, पुढच्या वर्षी सगळे तोच मागतील. सोबत भाची होती. तिला वाघ हवा होता, मला फक्त एक रात्र कुणी फोन करणार नाही अशी जागा हवी होती. माझं काम झालं.

आधी व्यवहाराचं. एका मचाणावर आम्ही दोघी आणि एक गाइड. ऊन उतरायच्या आत वर चढायचं आणि उजाडेपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. मचाण म्हणजे लोखंडी खांबांवर फळ्या, तीन बाजूंनी हिरवी जाळी, वर बांबूचं छप्पर. शिडी उभी आहे. माझं वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, तरी चढले. पण घरच्या जिन्यातही कठडा धरावा लागत असेल तर या भानगडीत पडू नका. बायकांचा पहिला प्रश्न असतो त्याचं उत्तर: सोय नाही. चार वाजल्यापासून पाणी घोट-घोट प्या, तेही बेतानं, कारण मे महिन्यातल्या विदर्भात न पिणं हाही उपाय नव्हे.

आता खरी गोम. प्राणी पाणवठ्यावर येतात ते दुसरीकडे पाणी उरलेलं नसतं म्हणून. सिपना नदी आटून तिचे डोह तेवढे राहतात, नाले कोरडे पडतात, तेव्हा या बशीसारख्या सिमेंटच्या टाक्यांना किंमत येते. आठवडाभर आधी वळवाचा एखादा दणका बसला की रानात जागोजाग डबकी साचतात, मग तुमच्या टाक्यावर कोण कशाला येईल? बुकिंग आधी होतं, पाऊस नंतर ठरतो. हा जुगार मान्य असेल तरच पैसे भरा. आमच्या वर्षी पाऊस नव्हता, हे आमचं नशीब.

पूर्वी याच रात्री प्राणिगणना व्हायची. पण एकच गवा दोनदा पाणी प्यायला आला तर तो दोनदा मोजला जाणार, हे उघड आहे. वाघांची गणती 2006 पासून कॅमेरा ट्रॅप आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून होते, त्यामुळे आपल्या हातात देतात तो तक्ता मुख्यतः आपल्यासाठीच. आमच्या गाइडला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. कोरकू पोरगा, पंचविशीचा असेल. वेळ, प्राणी, नर-मादी, पिल्लं, सगळे रकाने तो लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात भरत होता. भाचीने घाईत ‘गवे 6’ लिहिलं तर म्हणाला, “ताई, तो मागचा मघाशीच येऊन गेला. डावं शिंग तुटलेलं आहे, बघा.” खोडून पाच केले. फीचा निम्मा मोबदला मला या एका वाक्यात मिळाला.

अंधार पडेपर्यंत मोर, रानडुकरं, वानरं. वानरं पाणी पिताना एक जण नेहमी वर बसून असतो, हे मला माहीत नव्हतं. मग रातवा पक्षी सुरू झाला. टेबलावर सोडलेला पिंगपाँगचा चेंडू टपटपत थांबतो ना, तस्साच आवाज, आणि तो तासन्‌तास. चंद्र डोंगराआडून वर यायला वेळ लागला, तोवर काहीच दिसत नव्हतं, आणि माझ्या मते हाच रात्रीचा सगळ्यात चांगला भाग. वाळलेल्या सागाच्या पानांवर कुणीही चाललं तरी ऐकू येतं. उंदीर चालला तरी हत्ती आल्यासारखं वाटतं. पाच गवे मात्र पाण्याशी पोहोचेपर्यंत आम्हाला कळलेच नाहीत. एवढं धूड इतकं हळू कसं चालतं देव जाणे.

मध्यरात्रीनंतर अस्वलीण आली, पाठीवर दोन पिल्लं. तिचं पाणी पिणं म्हणजे फुरफुर, सुसकारे, मध्येच शिंक. पिल्लं खाली उतरली, भांडली, पुन्हा चढली. आम्ही तिघंही श्वास धरून. गाइडने हळूच सांगितलं की टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकलीत, ती खाऊन तहान लागते त्यांना. खरंखोटं त्यालाच ठाऊक, पण ऐकायला पटलं.

पहाटे तीनच्या सुमाराला सांबर ओरडलं. एकदा, मग पुन्हा. गाइडचा हात वर गेला. भाची उठून बसली. त्यानंतर पाऊण तास काहीही झालं नाही. वाघ आला असेल, वाऱ्यावर आमचा वास मिळाला असेल, किंवा सांबराला नुसताच भास झाला असेल. तक्त्यात वाघाच्या रकान्यात शून्य. भाची दिवस उजाडेपर्यंत रुसलेली होती.

एक टीप, जी कुठेच सांगत नाहीत. मे महिन्यातला पूर्ण चंद्र डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडून कलूनच जातो. म्हणून मचाण पाणवठ्याच्या दक्षिणेला असेल तर प्राण्यांवर समोरून उजेड पडतो. उत्तरेला असेल तर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. आमच्या नशिबी आकृत्या होत्या. फोटोचा नाद सोडून द्या, दुर्बीण न्या.

वेफर्सची पाकिटं, पातळ प्लास्टिकच्या बाटल्या, चेनवाल्या बॅगा घरी ठेवा. रात्री या प्रत्येकाचा आवाज अख्ख्या जंगलाला जातो. स्टीलची बाटली, कापडात बांधलेली भाकरी, कोरडी चटणी. कांदा नको. अत्तर, डासांची क्रीम नको, त्याऐवजी लांब बाह्या आणि मोजे. पांघरूण न्या, पहाटे लागतं. सकाळी परतताना कळलं की दुसऱ्या एका मचाणावरच्या मंडळींनी फवारे मारून आलेल्या कपड्यांत गप्पा मारत रात्र काढली आणि एक ससा बघितला. त्यांना कुण्या एजंटाने ‘हमखास वाघ’ सांगून वर जास्तीचे पैसेही घेतले होते. हमखास म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, मधसुद्धा.

खाली उतरल्यावर अर्धा तास गाइडसोबत थांबा. आम्हाला त्याने रानपिंगळा दाखवला, सागाच्या वाळक्या फांदीवर, चक्क उन्हात. 1884 नंतर शंभरावर वर्षं हा पक्षी नाहीसा झाला असं समजत होते, 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. फक्त रात्रीपुरते पैसे भरून लगेच गाडीत बसणाऱ्यांना तो दिसत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा शिडीचा कापला. लहान मुलांना नेऊ नका, घोरणाऱ्या नवऱ्याला तर अजिबात नको.