मेंढ्यांच्या पोत्यात डुकरांचं खाद्य: माझ्या 19 मेंढ्या गेल्या

गेल्या आठवड्यात एकोणिसावी मेंढी पुरली. एकोणीसच्या एकोणीस गाभण होत्या. आणखी 7 गाभडल्या. रोगानं गेल्या असत्या तर नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. पण रोज सकाळी गव्हाणीत ते विष मीच माझ्या हातानं ओतलं. लिहायला लाज वाटते. तरी लिहितोय, कारण ते खाद्य विकणाऱ्या माणसाकडे अजून माल आहे आणि थंडी अजून सरलेली नाही.

थंडीत चराई संपते, वाळल्या चाऱ्यात दम नसतो आणि नेमकं तेव्हाच मेंढीचं पोट वाढत असतं. गाभणपणाच्या साधारण 147 दिवसांपैकी शेवटच्या सहा आठवड्यांत कोकराची दोन-तृतीयांश वाढ होते. तेव्हा खुराक कमी पडला की मेंढी स्वतःची चरबी जाळते आणि बसते ती उठत नाही. म्हणून हिशेब मांडला: 84 मेंढ्या, प्रत्येकीला रोज 400 ग्रॅम, 70 दिवस, म्हणजे 2352 किलो. 40 किलोची 60 पोती घेतली. भाव बाजारापेक्षा पाचव्या हिश्शानं कमी. 70 टक्के रक्कम आगाऊ दिली, त्यासाठी 14 नर कोकरं विकली. बाकी बोलणं तुम्ही ऐकलेलंच असेल. भाव दोनच दिवस, गाडी तुमच्याच बाजूला येतेय, पावती मागाहून.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला रोज कोसतो, तो सांगतो. पोती उतरवताना एकाच्या तोंडाला शिलाईच्या भोकांच्या दोन रांगा दिसल्या. पोतं एकदा उसवून पुन्हा शिवलेलं होतं. वर "मेंढ्यांसाठी" असा कागद चिकटवलेला, त्याचा कोपरा सुटलेला. बोटानं ओढला असता तर खाली काय छापलंय ते दिसलं असतं. मी तो कोपरा दाबून परत चिकटवला. का, ते मला आजही सांगता येत नाही. अंधार पडत होता, गाडीवाला घाई करत होता, पैसे देऊन झाले होते. आणि पैसे दिलेल्या मालात खोट शोधायला मन तयार होत नाही, हे ज्याच्यावर बेतलंय त्याला कळेल.

कागदावर घटकांची यादी होती. तीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, होतं. मी ते वाचलं होतं. मेंढीला तांबं थोडं लागतंच, खनिजं घातलेला चांगला माल आहे, असं वाटलं. प्रथिनं 16 टक्के असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल विक्रेत्यानं दाखवला आणि तो अहवाल खोटा नव्हता. मी प्रथिनं विचारली, त्यानं प्रथिनं दाखवली. तांबं किती, हे विचारायचं मला सुचलं नाही. तुम्ही विचारा. "खनिजयुक्त" शब्दावर जाऊ नका, तांब्याचा आकडा मागा.

जनावरांत तांब्याला सगळ्यात हळवी मेंढी. जादा तांबं तिला नीट बाहेर टाकता येत नाही, ते काळजात, म्हणजे यकृतात, साठत जातं. कित्येक आठवडे मेंढी धडधाकट दिसते, खाते, पिते. मग थंडीचा कडाका, पाऊस, उपास असा एखादा ताण पडला की काळीज ते सगळं एकदम रक्तात सोडतं आणि रक्ताच्या पेशी फुटतात. आमच्याकडे 46 व्या दिवशी, रात्रभर थंड पाऊस लागल्यावर सुरू झालं. सकाळी 3 मेंढ्या मान टाकून उभ्या, डोळ्यांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या, लघवी काळपट लाल. दुपारपर्यंत दोन गेल्या. पशुवैद्यांनी पोट उघडलं तर मूत्रपिंडं निळसर काळी पडलेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खुराक कुठला?" मी तसाच पळत जाऊन तो कागद फाडला. खाली छापलं होतं: डुकरांच्या वाढीसाठी.

डुकराच्या खाद्यात वाढीसाठी तांबं मुद्दाम जास्त घालतात, त्याला ते झेपतं. माझ्या नमुन्यात किलोला 142 मिलिग्रॅम निघालं. मेंढीच्या एकूण आहारात 15-20 च्या पुढं गेलं तरी धोका असतो. खुराक त्याच दिवशी बंद केला, तरी पुढचे तीन आठवडे मेंढ्या मरत राहिल्या, कारण तांबं आधीच काळजात बसलेलं होतं. उरलेल्यांना पशुवैद्यांनी तांबं बांधून ठेवणारं मॉलिब्डेनमचं औषध सुरू केलं म्हणून 65 तरी उभ्या आहेत. पोतीसुद्धा मग तोलली. 40 ऐवजी साडेछत्तीस किलो. 60 पोत्यांत 210 किलोची चोरी वेगळीच. पहिलं पोतं उतरताच काट्यावर टाका, मी टाकलं नाही.

तक्रारीचं काय झालं ते ऐका. पोलीस म्हणाले, हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणीत जा. पावती नाही म्हटल्यावर लेखणीच खाली ठेवली. खाद्य तपासणीच्या कार्यालयात सांगितलं, नमुना आमचाच माणूस घेईल. तो माणूस 23 दिवसांनी आला आणि मलाच म्हणाला, फोडलेल्या पोत्याचा नमुना चालत नाही, तुम्ही काहीही मिसळलं असेल. मी स्वतःच्या मेंढ्यांच्या खुराकात काय मिसळणार होतो? बंद पोत्यातून घ्या म्हटलं, तर त्याच्याकडे सील नव्हतं. विम्यावाले म्हणतात, खाद्य तपासलं नाहीत, हा निष्काळजीपणा तुमचा. शवविच्छेदन दोघींचंच झालंय, मग बाकीच्या 17 कशानं मेल्या त्याचा पुरावा द्या. 17 मेंढ्या कुजत ठेवून कागदाची वाट बघायची होती का? तीन दारं, तिन्हीकडे एकच सूर, चूक तुझी. त्या विक्रेत्याला मात्र अजून एकानंही फोन केलेला नाही. आता मेल्या जनावराला हात लावण्याआधी फोटो काढा, प्रत्येकीचं शवविच्छेदन लेखी मागा, नाकारलं तर तेही लेखी घ्या.

गाई, डुकरं, कोंबड्या यांचं खाद्य किंवा खनिज मिश्रण उरलंसुरलं म्हणूनही मेंढीपुढं टाकू नका. पुन्हा शिवलेलं पोतं गाडीतून उतरूच देऊ नका, आगाऊ रक्कम बुडाली तरी. माझे बुडाले असते तर 14 कोकरांचे पैसे गेले असते, एवढंच.

43 पोती फुटली. 17 बंद पोती कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहेत, वर कागद तसेच चिकटलेले. सील घेऊन कुणी येईपर्यंत ती हलवणार नाही. परवा पुन्हा अर्ज दिलाय, पोचपावतीवर शिक्का मारून घेऊन.