नेटवर्कच्या फाईली हाताने लिहाव्यात की नेटवर्कमॅनेजरवर सोपवाव्यात?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या एखाद्या लहान कार्यालयातले डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे आठ-दहा संगणक ज्याच्याकडे सांभाळायला येतात, त्याने नेटवर्कची मांडणी हाताने लिहायची की नेटवर्कमॅनेजर या जोडण्या आपोआप सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवायची, हा निर्णय पहिल्याच दिवशी घेतलेला बरा.

हाताने लिहायचे म्हटले तर ईटीसी फोल्डरातील तीन फाईलींशी मुख्यतः संबंध येतो. ‘नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), नेटमास्क (त्या पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) आणि गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) असतो; ‘होस्ट्स’मध्ये आधी पत्ता व पुढे नाव अशा ओळी असतात; ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारे संगणक, असतात. या पद्धतीत सगळे डोळ्यांसमोर राहते, हॅश चिन्हापुढे ‘हा पत्ता प्रिंटरचा आहे’ असे टिपण लिहून ठेवता येते आणि उद्या दुसरा माणूस आला तरी त्याला ते वाचता येते. जागचा न हलणारा, तारेने जोडलेला हिशेबाचा संगणक असेल, तर मी आजही हीच पद्धत निवडतो.

लॅपटॉपचे तसे नाही. घरी एक वाय-फाय, कार्यालयात दुसरे, शेतावर मोबाईलचा हॉटस्पॉट, अशा यंत्रासाठी नेटवर्कमॅनेजरच योग्य. तो प्रत्येक जोडणीची वेगळी फाईल ठेवतो आणि तिच्यात पासवर्ड असू शकतो म्हणून ती फक्त रूटलाच, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकालाच, वाचता येते.

खरी अडचण होते ती दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाल्यावर. चोपड्याच्या एका कार्यालयात राउटरने दिलेला नेमसर्व्हर उत्तर देत नव्हता, म्हणून मी ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये दुसरा लिहिला, दोन-चार संकेतस्थळे उघडून पाहिली आणि निघालो. दुपारी वीज गेली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि तक्रार जशीच्या तशी परत आली. फाईल उघडली तर पहिल्याच ओळीत ‘जनरेटेड बाय नेटवर्कमॅनेजर’ असे होते आणि माझी ओळ गेलेली होती. ती दुरुस्ती नेटवर्कमॅनेजरच्याच ‘एनएमसीएलआय’ आज्ञेने जोडणीतच करायला हवी होती. उलट, डेबियनमध्ये एखादा इंटरफेस, म्हणजे संगणकाचे तारेचे किंवा वाय-फायचे नेटवर्क कार्ड, ‘इंटरफेसेस’ फाईलीत लिहिला, की नेटवर्कमॅनेजर सहसा त्याला हात लावत नाही; म्हणून एका इंटरफेसचा एकच मालक ठरवावा.

नेमसर्व्हरांच्या क्रमाकडेही लक्ष द्यावे. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मधले पहिले ३च वाचले जातात, आणि पहिला गप्प राहिला तर साधारण ५ सेकंद थांबूनच दुसऱ्याला विचारले जाते. ‘इंटरनेट चालते, पण फार हळू’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

‘होस्ट्स’ मात्र दोन्ही पद्धतींत हातानेच सांभाळावी लागते. दहा संगणकांवर दहा प्रती बदलत बसण्यापेक्षा एका संगणकावर ‘डीएनएसमास्क’ हे नेमसर्व्हरचे काम करणारे सॉफ्टवेअर बसवावे. ते स्वतःची ‘होस्ट्स’ वाचून, त्याला नेमसर्व्हर मानणाऱ्या सगळ्या यंत्रांना उत्तरे देते.

जळगावात बसून दूरच्या संगणकावर बदल करणार असाल, तर एसएसएचची, म्हणजे दूरच्या संगणकाला आज्ञा देण्याची, जोडणी तुमच्याच हातून तुटण्याचा धोका धरून चला. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समधल्या नेटप्लॅन या नेटवर्क मांडण्याच्या साधनात ‘ट्राय’ आज्ञा दिल्यावर १२० सेकंदांत एंटर दाबले नाही, तर जुनी मांडणी परत येते. डेबियनवर हाताने लिहिताना अशी सोय नसते. तेथे जुन्या फाईलीची तारखेसह प्रत काढावी आणि पलीकडे कीबोर्डापाशी माणूस बसला आहे याची फोनवर खात्री करूनच इंटरफेस बंद करावा.